काकांना विचारा

आमच्या ऑफिसातल्या करारांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबलांची यादी आधी इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. इंग्रजी संपलं की देवनागरी, आणि अगदी तळाशी गुजराती. बडोद्यातल्या मराठी माणसाची जागा इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी दाखवून दिल्याचं मला आठवत नाही. त्या मधल्या जागेत एकच लेबल होतं, हळदीच्या रंगाचं. वर ‘एएमसी’, ‘एनडीए’, ‘रेट कॉन्ट्रॅक्ट’, ‘रिन्यूअल’ अशी एकापेक्षा एक शहाणी लेबलं, खाली खरेदी खात्याने गुजरातीत केलेली दोन-तीन, आणि मध्ये हे: ‘काकांना विचारा’. मी यादी साफ करायला बसले होते. व्हिडिओ कॉलवर सॉफ्टवेअरवाल्यांचा ट्रेनर होता, आवाजावरून फार तर पंचविशीतला. तो म्हणाला, “मॅम, हे कोणत्या प्रकारात टाकायचं? पार्टी, विभाग, स्थिती की जोखीम?” मला उत्तर सुचेना. “मग डिलीट करू या?” त्याने अगदी सहज विचारलं. मी म्हटलं, राहू दे सध्या. तो पुढच्या लेबलाकडे गेला, माझं मन मात्र तिथेच अडकून राहिलं.

काका म्हणजे आमच्या कमर्शियलचे जुने अधिकारी. मकरपुरा जीआयडीसीत आमची कंपनी ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या, रेडिएटर, क्लॅम्प असं सगळं बनवते. ऑफिसात डझनभर ‘भाई’ आहेत, चार-दोन ‘साहेब’ आहेत, काका एकच. शेठसुद्धा त्यांना काकाच म्हणायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी ती जाड पेन्सिल. सगळे करार त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात असायचे, बॉक्स फायलींमध्ये. फायलींचा क्रम ना अकारविल्हे होता ना तारखेनुसार. फार उशिरा, काका निवृत्त व्हायच्या बेतात असताना, मला तो उमगला. हाताच्या उंचीवर भांडखोर पार्ट्या, त्याच्या वर सरळमार्गी, आणि वाकावं लागेल अशा तळाच्या खणात ज्यांच्याशी व्यवहार उरला नव्हता त्या. वर्षाकाठी एखादी फाईल वरच्या खणातून मधल्या खणात यायची. तसं झालं की समजायचं, त्या पार्टीने पैसे अडकवले किंवा मालकाचा मुलगा धंद्यात आला.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने काहीतरी खूण असायची. कधी नुसती रेघ, कधी गोल, कधी ‘फो.’ म्हणजे फोन केल्याशिवाय पत्र पाठवू नये. लाल टोक फक्त पैशांसाठी. एका कराराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सून’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्या कंपनीत खरा निर्णय मालकांची सून घेते, हे पुढे एका बैठकीत माझ्या लक्षात आलं. स्कॅनिंग झालं तेव्हा या सगळ्या खुणा स्कॅनमध्ये आल्या, पण पांढऱ्यावर फिकट निळं. आणि सॉफ्टवेअर कागदातला मजकूर वाचून शोधासाठी ठेवतं त्यात छापील अक्षरं तेवढी येतात, पेन्सिल येत नाही.

फोल्डर आणि लेबल यांत फरक काय, हे त्या ट्रेनरने आम्हाला पहिल्याच दिवशी स्लाइडवर रंगीत चौकोन काढून समजावलं होतं. एक कागद एकाच फोल्डरमध्ये राहतो, लेबलं मात्र त्याला हवी तेवढी लावता येतात. गोडाऊनचा भाडेकरार ‘जागा’ही आहे, ‘दरवर्षी वाढ’ही आहे, ‘नोंदणीकृत’ही आहे, ‘डिपॉझिट आपलं’ही आहे. दोन लेबलं एकत्र निवडली की दोन्ही लागू असलेले करार तेवढे समोर येतात. २००४ साली जीमेल आलं तेव्हा त्यात फोल्डर नव्हते, लेबलं होती, आणि आम्ही सगळे बावचळलो होतो, ते मला त्या दिवशी आठवलं. काकांच्या कपाटात अर्थातच एक फाईल एकाच खणात राहायची. बाकीची लेबलं त्यांच्या डोक्यात होती.

माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा आजोबांची खुर्ची तीच राहिली आणि वरचा साहेब बदलला, असं ते सांगायचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वरच्या माडीवर त्यांचे रुमाल होते. जुन्या दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवत, तीच सवय त्यांनी घरच्या कागदांना लावली होती. धुवट मांजरपाटाचे चौकोनी तुकडे, चार टोकांची गाठ, आणि गाठीत अडकवलेली जाड कागदाची पट्टी. घरपट्टीचा रुमाल, शेजाऱ्याशी चाललेल्या भिंतीच्या वादाचा रुमाल, आत्याच्या लग्नाचा रुमाल. पट्टीवर काय आहे ते मोडीत लिहिलेलं. त्या रुमालांना एक वास होता, जुन्या कापसाचा, कडुनिंबाच्या पाल्याचा आणि कुठूनतरी आलेल्या वेखंडाचा. आजोबा गेल्यावर वडिलांना नगरपालिकेत कसलीशी जुनी पावती द्यायची होती. मोडी घरात कुणालाच येत नव्हती. माडीवर बसून ते एकेक गाठ सोडत होते, आत बघत होते आणि पुन्हा बांधत होते. पण त्यांना आजोबांसारखी गाठ काही जमत नव्हती. संध्याकाळपर्यंत पावती मिळाली. रुमाल मात्र पुढे कित्येक वर्षं सैल गाठींचेच राहिले.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी कॉलेजात असताना जायचे, अभ्यासाला कमी आणि गारव्याला जास्त. तिथल्या पुस्तकांच्या इमारतीत लोखंडी रॅक आहेत, जर्सी सिटीच्या स्नीड कंपनीचे, आणि मधल्या मजल्यांना जाड काचेच्या लाद्या. खालून वर पाहिलं की चपलांच्या धूसर सावल्या सरकताना दिसतात. वीज जपून वापरायची, खालपर्यंत उजेड पोचला पाहिजे, पुस्तकं वाळवीपासून दूर राहिली पाहिजेत, असा सगळा विचार त्यामागे होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. त्याने इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली आणि बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत तयार केली. त्याच सुमारास गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथालयांच्या पेट्याही सुरू झाल्या. हे आम्हा बडोदेकरांना शाळेपासून तोंडपाठ असतं, म्हणून मी कधी त्याचा फारसा विचार केला नव्हता. परवा यादी साफ करताना मात्र मला त्या माणसाची कीव आली आणि हेवाही वाटला. पुस्तक एकच, ठेवायची जागा एकच. अडकित्त्यांवरचं पुस्तक कलेत ठेवायचं, धातुकामात की सुपारीच्या शेतीजवळ, हे कुणीतरी एकदाच ठरवायचं आणि मग शंभर वर्षं वाचकाने तिथेच जायचं. ही एका जागेची अडचण सोडवण्यासाठी मद्रासमध्ये रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण काढलं. एका विषयाचे अनेक पैलू वेगवेगळे नोंदायचे आणि चिन्हांनी जोडायचे. आमच्या सॉफ्टवेअरमधली लेबलं त्याच वळणाची आहेत. फरक एवढाच की रंगनाथनांनी पैलू ठरवताना डोकं लावलं होतं आणि आमच्याकडे लेबल करायचा अधिकार पहिल्या दिवसापासून सगळ्यांना होता.

त्याचं काय झालं ते सांगायलाच हवं.

‘व्हेंडर’, ‘व्हेंडर्स’, ‘सप्लायर’, ‘पार्टी’ आणि गुजरातीत ‘वेपारी’, अशी एकाच गोष्टीची पाच लेबलं झाली. ‘अर्जंट’ हे लेबल पहिल्या महिन्यात इतक्या करारांना लागलं की ज्याला ते नाही तोच करार डोळ्यात भरू लागला. रंगांवरून तर खरीखुरी भांडणं झाली. लाल सगळ्यांना हवा. अकाउंट्सचं म्हणणं लाल म्हणजे पेमेंट, हे काकांच्या पेन्सिलीपासून चालत आलेलं आहे. क्वालिटीवाल्यांचं म्हणणं लाल म्हणजे नामंजूर माल, शॉप फ्लोअरवर तसंच असतं. मग ‘पीव्ही’. आमच्या धंद्यात तांब्याचे आणि कोअर स्टीलचे भाव हलतात, म्हणून मोठ्या ऑर्डरी दोन प्रकारच्या असतात. एक फर्म रेटच्या, दुसऱ्या प्राइस व्हेरिएशनच्या, म्हणजे आयईईएमए ही विजेची यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना दर महिन्याला जे भाव काढते त्यांवरून फॉर्म्युल्याने बिल वरखाली होतं. तेच ‘पीव्ही’. एम. एस. युनिव्हर्सिटीतून लॉ करून ऑफिसात नुकत्याच लागलेल्या नव्या मुलाने त्याच लेबलाखाली छतावरच्या सोलर पॅनलचा करारही टाकला होता. त्याच्या दृष्टीने पीव्ही म्हणजे फोटोव्होल्टाइक, आणि त्याचं चुकीचं तरी कसं म्हणायचं? शेठना हे वाद कळले तेव्हा ते म्हणाले, “बधुं एक जग्याए जोईए, बस.” म्हणजे सगळं एका जागी हवं. त्यांना स्वतःसाठी एकच लेबल हवं होतं: ‘माझी सही बाकी’.

‘जीईबी’ हे लेबल काढायला मी हात घातला तेव्हा खरेदी आणि विक्री दोन्ही खाती एक झाली. वास्तविक गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड १ एप्रिल २००५ पासून सात कंपन्यांत वाटलं गेलं. पारेषणाची वेगळी, निर्मितीची वेगळी, वितरणाच्या चार, आणि सगळ्यांच्या वर एक मुख्य कंपनी. कागदोपत्री करार त्या-त्या कंपनीशी आहेत. पण रेसकोर्सवरच्या विद्युत भवनाकडे जायला निघालेला आमचा माणूस अजूनही “जीईबीत जाऊन येतो” म्हणतो, रिक्षावालाही तसंच म्हणतो, आणि शोधताना बोटं ‘जीईबी’च टाईप करतात. शेवटी लेबल ठेवलं. आमच्या जुन्या करारांच्या शेवटी ‘बडोदा न्यायक्षेत्राच्या अधीन’ असं छापलेलं आहे, गावाचं नाव १९७४ मध्ये बदलूनही. त्या ओळीने आजवर कुणाचं अडलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘संपलेले’ या लेबलावर. ऐकायला किती सोपं. तारीख उलटली की सॉफ्टवेअर आपोआप हे लेबल लावतं आणि करार राखाडी होऊन यादीच्या तळाला जातो. आता एक साधी ऑर्डर घ्या. माल गेला, बिल झालं, नव्वद टक्के पैसे आले, ऑर्डरची मुदत संपली. पण हमी आहे चालू केल्यापासून बारा महिने किंवा पाठवल्यापासून अठरा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. म्हणजे टाकी ग्राहकाच्या आवारात ताडपत्रीखाली पडून आहे की तिच्यात तेल भरून ती गुणगुणायला लागली आहे, यावर तारीख ठरणार. ते आम्हाला कोण कळवणार? उरलेले दहा टक्के पैसे हमी संपल्यावर. बँक गॅरंटीची मुदत वेगळी, तिच्यावर दावा करायची मुदत त्याहून वेगळी. उशिराबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का कापून घेतला, तो बरोबर की चूक हा वाद चालूच, आणि पैसे मागायला कोर्टात जायचं तर १९६३च्या मुदत कायद्याने तीन वर्षं. गुप्ततेचं कलम तर सगळं संपल्यावरही पाच वर्षं जिवंत. आमच्या नव्या मुलाने फळ्यावर या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि मागे सरून बघत राहिला. “मॅम, मग करार संपतो केव्हा?” अकाउंट्सचे जुने भाई चहाचा कप घेऊन तिथे उभे होते. ते म्हणाले, “पार्टीनं दिवाळीचं डायरी-कॅलेंडर पाठवायचं बंद केलं की.” आम्ही ‘संपलेले’चे तुकडे केले: ‘पुरवठा पूर्ण’, ‘हमी चालू’, ‘पैसे अडकलेले’, ‘पूर्ण बंद’. चौथ्या लेबलाखाली अजून फारच थोडे करार आहेत.

लेबल म्हणजे प्रश्न, हे मला खरं तर मार्च २०२४ मध्ये कळायला हवं होतं. तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं, कपाटच होतं. आयकराचं नवं कलम त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. मुदत २००६च्या एमएसएमई कायद्यातली: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधरा. त्याआधी आमच्यापैकी कुणीही कपाट उघडून ‘यातले सूक्ष्म कोण, लघु कोण, मध्यम कोण, आणि नुसते व्यापारी कोण’ असं विचारलं नव्हतं. त्या महिन्यात मात्र सगळ्या फायली टेबलावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर पसरल्या. प्रत्येकाला उद्यम नोंदणीचा दाखला मागा, आपल्याकडे सही झालेला कागद आहे का बघा, त्यात नव्वद दिवस लिहिले असले तरी ते चालणार नाहीत हे शेठना समजावा. करार तेच होते, वर्षानुवर्षं त्याच खणात बसलेले. बाहेरून एक नवा प्रश्न आला आणि त्यांची पुन्हा वाटणी झाली. उद्या आणखी एखादा प्रश्न येईल, तेव्हा आज केलेली एवढी सुबक यादी पुन्हा अपुरी पडेल.

आणि म्हणूनच मला ते हळदीचं लेबल पुसवेना. त्याखाली मोजकेच करार होते. काकांच्या शेवटच्या आठवड्यांत ते लेबल नव्या मुलाने केलं होतं. तो मूळचा सांगलीचा, देवनागरी त्याच्या हाताला आपसूक येते. स्कॅन करताना काही फायलींवर काका म्हणायचे, “याचं मला विचार,” आणि हा निमूटपणे लेबल लावायचा. मी ते करार उघडून एकेक वाचले. गोडाऊनचा भाडेकरार, एका ट्रान्सपोर्टरचा करार, रंगकाम बाहेरून करून देणाऱ्याचा, असेच आणखी काही. वाचून काहीही कळेना. सगळे नीट टाईप केलेले, जुने स्टँप पेपरवर, २०१९च्या ऑक्टोबरनंतरचे ई-स्टँपवर, पानापानावर सह्या. यांत काकांना विचारण्यासारखं काय आहे?

तर शनिवारी मी कारेलीबागेत त्यांच्या घरी गेले. काकूंनी चिवडा आणि चहा दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या मोबाईलवरची यादी पाहिली, बोटाने वर सरकवली, पुन्हा खाली आणली. “हे लेबल पोरानं केलं? बरं केलं.” मग गोडाऊन. करारात मालक म्हणून दोघा भावांची नावं आहेत, भाडं दोघांच्या संयुक्त खात्यात. प्रत्यक्षात दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही, ते खातं बंद झालंय, आणि आम्ही चेक एक महिना थोरल्याच्या, एक महिना धाकट्याच्या नावाने काढतो. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी धाकटा फोन करतो, कारण तो तिथीने हिशेब करतो. “मग काय करायचं?” “काही नाही गं. इंग्रजी महिना, हे त्याला सांगायचं. पण हळू सांगायचं.” रंगकामवाल्याच्या करारात दर चौरस मीटरला आहे, तो टाकीच्या आतला भाग मोजत नाही आणि आपण त्याचा थिनर मोजत नाही, असं ठरलेलं. प्रत्येक करारात असंच निघत गेलं. त्या लेबलाखाली एकच गोष्ट होती: कागद एक सांगतो आणि व्यवहार दुसरा चालतो. आमच्या सगळ्या शहाण्या यादीत हे सांगणारं दुसरं लेबल नव्हतं. ट्रेनरच्या चार प्रकारांतही त्याला जागा नव्हती, आणि नसणारच, कारण ती यादी कागदावरून केलेली.

मी वहीत लिहून घेत होते. काका बोलत होते, मधेच थांबत होते, माझं लिहून होईपर्यंत. ते थांबणं मला खुपलं. आजवर ते कुणासाठी थांबले नव्हते. तेवढ्यापुरतं सांगायचे, पुढच्या वेळी पुन्हा विचारायला यावं लागायचं. या येण्यावरच ऑफिसातलं त्यांचं निम्मं वजन होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या वजनाचा मला अनेकदा राग आलेला आहे. सुटीवर गेले की आमचं काम अडायचं, आणि फोनवर त्यांच्या आवाजात एक समाधान असायचं. आता माझी वही भरत होती, ते मोकळेपणाने सगळं देत होते, आणि मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. भाऊ का बोलत नाहीत, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलंही. ते मी वहीत लिहिलं नाही.

सोमवारी नव्या मुलाने ती सगळी माहिती सॉफ्टवेअरच्या टिपणांत चढवली आणि एक नवं लेबल केलं: ‘तोंडी बदल’. मला ते फार आवडलं. शेठना नाही आवडलं. ऑडिटर बघतील, बँक बघेल, असं चार ठिकाणी लिहून ठेवायचं कशाला? वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, लेबल हेही रेकॉर्डच आहे, वाद झाला तर मागवलं जाऊ शकतं. म्हणून लेबलात मत लिहू नका, वस्तुस्थिती लिहा. हे त्यांनी विशेष जोर देऊन सांगितलं, कारण खरेदी खात्याने एका पुरवठादाराला ‘कटकट’ असं लेबल दिलं होतं आणि स्क्रीन शेअर करताना ते त्या पुरवठादारानेच वाचलं होतं. तो हसला म्हणतात, पण पुढच्या कोटेशनमध्ये हसल्याचं काही दिसलं नाही. वकीलसाहेब पुढे म्हणाले, नोंदणी झालेल्या भाडेकराराच्या अटी नंतर तोंडी बदलल्या असं सांगून चालत नाही. करार कायदा आणि पुरावा कायदा दोन्ही १८७२चे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा अधिनियम आला, तरी हे तत्त्व जिथल्या तिथे आहे. ट्रान्सपोर्टचा करार मुळात लेखीच असला पाहिजे असं नाही, तिथे नंतरचा तोंडी बदल सिद्ध करता येईल. पण करणार कोण? काका साक्षीला येतील? तेव्हा जेवढे जमतील तेवढे बदल लिहून, दोघांच्या सह्या घेऊन पुरवणी करार करा.

सुरुवात ट्रान्सपोर्टरपासून केली, कारण तो आपला माणूस. करारात दर किलोमीटरला आहे. काकांनी कधीतरी चाकण आणि सिल्व्हासा या दोन ठिकाणांसाठी ठोक रक्कम ठरवून दिली होती, आणि डिझेल ठरावीक रकमेच्या वर गेलं की त्यात वाढ. मी दोन ओळींचं पुरवणीपत्र टाईप करून पाठवलं. तासाभरात फोन. “बेन, हवे लखवानी शी जरूर पडी? काकाए कीधुं हतुं ने!” काकांनी सांगितलं होतं ना, मग आता लिहायची काय गरज? मी समजावलं, काका आता नाहीत ऑफिसात, सॉफ्टवेअर आहे, ऑडिट आहे. तो गप्प झाला. त्याला ते लागलं असावं. काकांच्या शब्दावर तो पुराच्या पाण्यातूनसुद्धा गाडी काढायचा, विश्वामित्रीचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना त्याने आमचा माल लांबच्या वाटेने वेळेवर पोचवला होता आणि जादा एक रुपया मागितला नव्हता. आणि आता मी त्याच्याकडून दोन ओळींवर सही मागत होते. मग तो म्हणाला, “लखवुं होय तो बधुं लखो.” लिहायचंच तर सगळं लिहा.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, मुलाला घेऊन. मुलाच्या मोबाईलमध्ये यादी तयार होती. गेटवर चार तासांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर वेटिंग. टोल वेगळा. क्रेन आमची नसेल तर उतरवायची जबाबदारी कुणाची. परतीचा माल मिळवून दिला तर किती सूट. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला दर. यांतलं प्रत्येक कलम काका आणि तो मिळून वर्षानुवर्षं फोनवर निभावत आलेले होते, कधी याने सोडायचं, कधी त्याने. नवा मुलगा भराभर टाईप करत होता आणि प्रत्येक कलमाला कोणतं लेबल लागेल हे मनात ठरवत होता, चेहऱ्यावरून कळत होतं. ट्रान्सपोर्टरने आमच्याकडचा चहा नेहमीसारखा बशीत ओतून प्यायला. जाताना काका कसे आहेत ते विचारलं, आणि करारावर सही करायला दोन दिवस मागून घेतले, सीएला दाखवायचंय म्हणून. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून सीए हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

दोन पानी करार आता पाच पानी झाला आहे. त्यावर ‘तोंडी बदल’ अजून आहे, कारण सह्या बाकी आहेत. शिवाय ‘माझी सही बाकी’ही लागलंय. वेटिंग चार्जचं कलम शेठना मान्य नाही. चारऐवजी आठ तास करा म्हणतात, आणि हे मी त्या ट्रान्सपोर्टरला फोनवर सांगावं की लेखी, यावर आमचं अजून ठरत नाहीये.